शेजारच्या शेतात ४२ अफोर्डेबल घरं : सुनावणीला जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. मध्य न्यू जर्सीतली एक टाउनशिप. शाळा चांगल्या म्हणून तिथे घर घेतलेलं मराठी कुटुंब. त्यांच्या सबडिव्हिजनला लागून १४ एकर शेत आहे. तिथे बिल्डर २१० घरं बांधणार आहे आणि त्यांतली ४२ अफोर्डेबल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वस्तात राखून ठेवलेली, असणार आहेत. शेजाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटलाय, सह्या गोळा होतायत, पुढच्या महिन्यात प्लॅनिंग बोर्डाची सुनावणी आहे. "आमच्या घराची किंमत पडेल का? शाळेत गर्दी होईल का? हे थांबवता येईल का, आणि सुनावणीत नेमकं काय बोलावं?" शेवटी ताजा कलम : "माझी आई ग्रीन कार्डावर आमच्याकडे असते. तिला असं घर मिळू शकेल का?"

ताज्या कलमाचं उत्तर शेवटी देते. मी गेली २२ वर्षं न्यू जर्सीत प्लॅनर, म्हणजे नगररचनाकार म्हणून काम करते. कधी टाउनशिपच्या बाजूने साक्ष दिली, कधी बिल्डरच्या, कधी नॉन-प्रॉफिट संस्थांच्या. त्यामुळे तिन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्या आहेत.

थांबवता येईल का, हे आधी घेऊ. बहुधा नाही. तुम्ही ज्या बैठकीला निघालाय, तिथे हा निर्णय होतच नाही. शेताचं झोनिंग, म्हणजे तिथे काय आणि किती दाट बांधता येईल याचा नियम, बदलायचा अधिकार टाउनशिप कौन्सिलचा. तिथे एकरी १५ घरं चालतील असा ऑर्डिनन्स (स्थानिक कायदा) कौन्सिलने एकदा काढला, की बिल्डरचा नकाशा त्यात बसतो का, एवढंच प्लॅनिंग बोर्ड बघतं. बसत असेल तर बोर्डाला नाही म्हणता येत नाही. तरी म्हटलंच, तर बिल्डर कोर्टात जातो, बहुतेक वेळा जिंकतो, आणि टाउनशिपच्या वकिलाचं बिल तुमच्या टॅक्समधून जातं.

अशाच एका ऑर्डिनन्सच्या रात्री मी कौन्सिलसमोर नकाशे लावून उभी होते. समोर ऐंशी खुर्च्या होत्या आणि माणसं दोन. एक स्थानिक पेपरचा मुलगा, आणि एक आजोबा, जे आमच्या गल्लीतला पाला उचलायला गाडी का आली नाही हे विचारायला आले होते. पंधरा मिनिटांत ऑर्डिनन्स मंजूर झाला. आठ महिन्यांनी त्याच जमिनीचा नकाशा प्लॅनिंग बोर्डापुढे आला तेव्हा सुनावणी मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात हलवावी लागली. दाराशी फायर मार्शल माणसं मोजत उभा, आत छापील टी-शर्ट घातलेले तीनशे लोक. बैल गेला नि झोपा केला, अशी ती रात्र होती. तेव्हा पहिलं काम हे करा : टाउनशिपच्या वेबसाइटवर 'हाउसिंग एलिमेंट अँड फेअर शेअर प्लॅन' नावाचा कागद असतो, म्हणजे टाउनशिप आपल्या वाट्याची अफोर्डेबल घरं कुठे बांधू देणार याचा आराखडा, तो उतरवून घ्या. तुमच्या शेजारचं शेत त्यात लॉट-ब्लॉक नंबरासकट (जमिनीच्या नोंदीचा क्रमांक) बहुधा असणार. असेल, तर 'हवं की नको' हा विषय संपलाय. 'कसं' हा विषय मात्र उघडा आहे, आणि त्यात बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

'हवं की नको' संपला कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीच्या हातात आपापलं झोनिंग. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली तसा त्या झोनिंगचा एक उपयोग ध्यानात आला. प्लॉट किमान एक एकराचा हवा, अपार्टमेंट चालणार नाही, असं लिहिलं की कुणालाही तोंडावर नको न म्हणता गरिबाला गावाबाहेर ठेवता येतं.

फिलाडेल्फियाच्या पलीकडे, बर्लिंग्टन काउंटीत माउंट लॉरेल नावाची टाउनशिप आहे. तिथे काळ्या लोकांची काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांची घरं मोडकळीला आली, कोंबड्यांच्या खुराड्यांतही माणसं राहायला लागली, तेव्हा एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ३६ गार्डन अपार्टमेंट, म्हणजे दोन-तीन मजली साध्या इमारतींतली घरं, बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये एका रविवारी मेयर बिल हेन्स त्यांच्या चर्चमध्ये आले आणि त्यांनी सांगितलं, की तुम्हाला आमच्या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. 'आमच्या गावात' हे ज्यांना ऐकवलं, त्यांचे पूर्वज मेयरच्या आधीपासून तिथले. पुढच्याच वर्षी दावा दाखल झाला.

१९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वाढत्या नगरपालिकेला आपल्या झोनिंगमध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी आपल्या विभागाच्या वाट्याइतकी जागा ठेवावीच लागेल. माउंट लॉरेलने काय केलं? जवळपास १४ हजार एकरांच्या टाउनशिपमधले जेमतेम २० एकर त्यासाठी काढून दिले, तेही घरं बांधणं अवघड जाईल असे. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. १९८३ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांनी त्या निकालाला दात बसवले. त्या दाताचं नाव 'बिल्डर्स रेमेडी'. टाउनशिप आपला वाटा उचलत नसेल तर बिल्डर कोर्टात जाऊ शकतो, आणि अफोर्डेबल घरं देण्याच्या बोलीवर, टाउनशिपच्या झोनिंगला न जुमानता दाट वस्ती बांधायचा हुकूम मिळवू शकतो.

१९८५ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्यात श्रीमंत गावांसाठी एक पळवाटही ठेवली. आपल्या वाट्यातली निम्म्यापर्यंतची घरं दुसऱ्या नगरपालिकेच्या गळ्यात घालायची, बरोबर पैसे द्यायचे. व्यवहारात ती घरं ट्रेंटन-न्यूअर्कसारख्या गरीब शहरांकडे गेली. ही सोय २००८ मध्ये बंद झाली. पुढे राज्याचं अफोर्डेबल हाउसिंगचं मंडळ नियमच करेना, म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने सगळं परत आपल्याकडे घेतलं. आणि मार्च २०२४ मध्ये नवा कायदा आला, ज्याच्याखाली तुमच्या शेजारचं १४ एकरांचं शेत आलंय. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी राज्यभर मिळून सुमारे ८४,७०० नवी अफोर्डेबल घरं, हा त्यातला हिशेब. माँटव्हेल या गावाच्या पुढाकाराने दोन डझनांहून जास्त टाउनशिपांनी कायद्याविरुद्ध दावा केला. २०२५ मध्ये त्यांनी स्थगिती मागितली, न्यायालयांनी दिली नाही.

"पण आमच्याच गावाला एवढा आकडा का?" हे मला दर सुनावणीत ऐकू येतं. आकडा तीन गोष्टींवरून निघतो : गावातल्या दुकानं-ऑफिसं-गोदामांची किंमत किती वाढली, गावाचं उत्पन्न विभागाच्या मानाने किती, आणि बांधता येण्याजोगी जमीन किती शिल्लक आहे. पहिली गोष्ट नीट वाचा. हायवेवरची ती प्रचंड गोदामं आली तेव्हा टाउनशिपने आनंदाने घेतली, कारण गोदामाला मुलं नसतात आणि ते टॅक्स भरतं. गोदामात रात्रपाळीला उभा राहणारा माणूस झोपायला कुठे जातो, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. सूत्रात ते आता विचारलंय. सूत्र निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मलनिःसारणाची लाइन नसलेली, पाणथळ जमिनींनी भरलेली छोटी गावं यात उगाच भरडली जातात आणि त्यांची तक्रार खरी आहे. तुमची टाउनशिप त्यांतली नाही.

आता एक हिशेब दाखवते. तो समजला तर निम्मं भांडण निवळतं, निदान माझ्या पाहण्यात कित्येकदा निवळलंय.

टाउनशिपला ४२ अफोर्डेबल घरं हवी आहेत. बिल्डर ती पदरमोड करून बांधणार नाही. तो म्हणतो, पाचातलं एक स्वस्तात देतो, उरलेली चार बाजारभावाने विकू द्या. ४२ गुणिले ५, झाली २१०. म्हणजे शेतावर येणाऱ्या १०० पैकी ८० घरांचा अफोर्डेबलशी काही संबंध नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ते हे. ज्या ट्रॅफिकला तुम्ही घाबरलाय त्यातला बहुतेक १६८ मार्केट-रेट घरांचा आहे, ज्यांच्या ड्राइव्ह-वेत प्रत्येकी दोन गाड्या उभ्या असतील.

दुसरा रस्ता असा, की टाउनशिपने स्वतःची चार-पाच एकर जमीन नॉन-प्रॉफिट संस्थेला द्यायची, अशा घरांसाठी केंद्र सरकार देतं ती करसवलत (फेडरल टॅक्स क्रेडिट) मिळवायची आणि तिथे साठ-सत्तर घरं बांधायची, सगळी अफोर्डेबल. ४२ ची गरज भागते, वर थोडी शिल्लक राहते, आणि २१० ऐवजी ७० घरांत काम होतं. गर्दी नको असणाऱ्याने खरं म्हणजे याचाच आग्रह धरायला हवा. पण 'शंभर टक्के अफोर्डेबल' हे शब्द उच्चारले की खोलीत शांतता पसरते. मी एकदा एका कौन्सिलला दोन्ही पर्याय आकड्यांसकट मांडून दाखवले. तिघांनी मान डोलावली, मत मात्र पाचही जणांनी बिल्डरच्या पर्यायाला दिलं. नंतर पार्किंगमध्ये त्यांतल्या एकाने सांगितलं, "मला परत निवडून यायचंय." दुसऱ्या वर्षी तो पडलाच, ट्रॅफिकच्या मुद्द्यावर.

तुमच्या शेताच्या बाबतीत हा रस्ता बंद झाला असेल, पण आराखड्यातल्या बाकी जागांसाठी अजून बोलता येईल. बंद पडलेल्या दुकानांच्या नाहीतर ऑफिस पार्कच्या जागी घरं बांधली तर नव्या कायद्यात टाउनशिपला हिशेबात जादा श्रेय मिळतं. तशा किती जागा बघितल्या आणि का सोडल्या, हा कौन्सिलला विचारायचा प्रश्न आहे.

यात राहायला कोण येणार? लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईची रिहॅब बिल्डिंग येते, एका बाजूला विक्रीच्या फ्लॅटांचा टॉवर आणि दुसऱ्या बाजूला ती. इथलं तसं नाही. जवळचं उदाहरण द्यायचं तर म्हाडाच्या सोडतीचं देईन. उत्पन्नाच्या गटाप्रमाणे अर्ज करायचा, नंबर लागला तर घर. वर अशी अट, की किमान ३० वर्षं ते बाजारभावाने विकता किंवा भाड्याने देता येत नाही. विभागातल्या अगदी मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या (मीडियन) निम्म्यापर्यंत कमाई असलेले 'लो', निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंतचे 'मॉडरेट'. ४२ पैकी किमान २१ घरं 'लो'साठी आणि त्यांतली काही ३० टक्क्यांच्या आतल्या 'व्हेरी लो'साठी ठेवावी लागतात. मिडलसेक्स, सॉमरसेट, हंटर्डन हा तीन काउंट्यांचा विभाग राज्यातला सगळ्यात श्रीमंत. तिथे चार माणसांच्या 'मॉडरेट' कुटुंबाची मर्यादा लाख डॉलरच्या पुढे जाते. तुमच्या मुलाच्या वर्गातली मदतनीस, डेंटिस्टच्या काउंटरवरची बाई, नुकता नोकरीला लागलेला अकाउंटंट, स्कूल बसचा ड्रायव्हर हे सगळे यात बसतात.

आपली माणसंही बसतात. मला वर्षातून पाच-सहा फोन मराठीत येतात, हळू आवाजात. घटस्फोटानंतर दोन मुलांना घेऊन त्याच शाळेच्या हद्दीत राहू पाहणारी बाई. नोकरी गेल्यावर घर विकावं लागलेलं जोडपं. गणपतीच्या कार्यक्रमात भेटल्या तर ओळख दाखवू नका, असं एकीने आधीच सांगून ठेवलं होतं.

किमतीबद्दल. माउंट लॉरेलचंच पुढचं ऐका. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. ज्या घरांसाठी त्या भांडल्या ती त्यांना दिसली नाहीत. २००० साली तिथे त्यांच्याच नावाची वसाहत उभी राहिली. पुढे वाढून ती १४० घरांची झाली, सगळी अफोर्डेबल, मार्केट-रेट एकही नाही. परवानगीच्या वेळी हॉल भरभरून विरोध झाला होता आणि मुद्दे तेच, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीच्या आसपासच्या घरांच्या किमती, गुन्हे आणि टॅक्स यांची तुलना शेजारच्या तशाच टाउनशिपांशी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष : वसाहत आल्यामुळे तिन्हींत फरक पडला नाही. लगतच्या वस्त्यांतल्या पुष्कळ लोकांना तर आपल्या शेजारी अफोर्डेबल वसाहत आहे हेच माहीत नव्हतं.

यावरून कुठेही, कशीही बांधा, काही होत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. ती वसाहत नीट बांधलेली आहे, नीट सांभाळलेली आहे आणि सुखवस्तू गावात आहे. देखभाल ढिसाळ असेल तर कुठलीही वसाहत रया घालवते, लग्झरी म्हणवणारीसुद्धा. म्हणून सुनावणीत "किंमत पडेल" म्हणण्यापेक्षा "मॅनेजमेंट कुणाचं, ऑफिस जागेवर असेल का, बर्फ कोण काढणार" हे विचारलेलं बरं. किंमत पडेल या मुद्द्यावर बोर्डाला काही करता येत नाही. मॅनेजमेंटबद्दल बिल्डरकडून कबुली घेऊन ती ठरावात अट म्हणून घालता येते.

शाळेचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा नीट मांडायला हवा. नियमाप्रमाणे अफोर्डेबल घरांतली किमान २० टक्के तीन बेडरूमची असावी लागतात, म्हणजे ४२ मधली किमान ९. तिथे मुलं असणार. असावीतच, घरं त्यासाठीच आहेत. पण १६८ मार्केट घरांतली बरीच तुमच्याआमच्यासारखे लोक शाळेचं रेटिंग बघून घेणार आहेत. गर्दी झालीच तर ती आपल्या माणसांची जास्त असेल. शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून गेल्या दहा वर्षांची पटसंख्या मागवा. कित्येक उपनगरांत मुलं मोठी होऊन गेली तरी आईवडील त्याच मोठ्या घरात आहेत, आणि पट घसरतोय. तुमच्याकडे तसं असेल तर मुद्दा तिथेच संपतो.

नसेल, तर मुलं मोजू नका, पैसा कुठे जातो ते बघा. न्यू जर्सीत सरासरी मालमत्ता कर २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेला. त्यातला मोठा हिस्सा शाळेला जातो. पण टाउनशिप बिल्डरला 'पायलट' देऊ शकते. म्हणजे इमारतींवरच्या नेहमीच्या टॅक्सऐवजी काही वर्षं ठरावीक रक्कम भरायची सोय. त्या रकमेतला ९५ टक्के टाउनशिपला, ५ टक्के काउंटीला जातो. शाळेला कायद्याने शून्य. टाउनशिपने मनाने काही दिलं तर दिलं. वसाहत उभी राहते, मुलं शाळेत जातात, आणि शाळेचा वाटा तुम्ही-आम्ही भरतो. सगळी घरं अफोर्डेबल असलेल्या प्रकल्पाला पायलट दिल्याशिवाय गणित बसत नाही हे मान्य. १६८ घरं बाजारभावाने विकणाऱ्याला तो कशाला? हे विचारायची जागाही कौन्सिलचीच बैठक. तीनशे लोकांच्या त्या कॅफेटेरियात पायलट हा शब्द रात्रभरात एकदाही ऐकू आला नाही.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात भक्कम, आणि लोक तो सगळ्यात शेवटी, घाईत मांडतात. १ सप्टेंबर २०२१ ची आयडा वादळाची रात्र तुम्हाला आठवत असेल. किती मराठी घरांची बेसमेंट त्या रात्री भरली! शेत आज स्पंजासारखं पाणी पितं, उद्या तिथे छपरं आणि डांबर येईल. मातीची परीक्षा कुठे कुठे घेतली, पाणी मुरवायचं तळं तुमच्या कुंपणापासून किती फुटांवर आहे, ते भरलं तर पाणी कुठल्या दिशेला वाहणार, आणि वीस वर्षांनी त्यातला गाळ काढायचा खर्च कुणाचा? तुमच्या बेसमेंटमधला संप पंप (साचलेलं पाणी उपसणारा) वर्षातून किती वेळा चालतो याची नोंद, आयडानंतरचे फोटो, विम्याचे कागद घेऊन जा. बोर्डाचा इंजिनिअर समोर बसलेला असतो. असे कागद दिसले की तो मान वर करून ऐकायला लागतो. 'आमच्या गावाचं स्वरूप बदलेल' यावर त्याला लिहिण्यासारखं काही नसतं.

ट्रॅफिकचं थोडक्यात. रस्ता काउंटीचा असेल तर सिग्नल बसवणं टाउनशिपच्या हातात नाही, त्यामुळे तिथे डोकं फोडू नका. फूटपाथ शाळेपर्यंत सलग जातो का आणि स्कूल बस आत वळते की मुलांना मेन रोडवर उभं राहावं लागतं, एवढं मात्र विचारा.

माझ्या आवडीची एक गोष्ट, जी शेजारी कधीच विचारत नाहीत. नकाशाचा तो कागद मागा ज्यावर ४२ घरं कुठली ते दाखवलंय. ती सगळ्या इमारतींत विखुरलेली आहेत, की मागच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या कुंपणाला आणि हायवेच्या भिंतीला खेटून एकाच इमारतीत कोंबली आहेत? मी बिल्डरच्या बाजूने काम करत असताना अशा एका नकाशावर सही करायला नकार दिला. ते काम माझ्याकडून गेलं. जिथे घरं मिसळून बांधली आणि बाहेरून सारखी ठेवली, तिथे पाच वर्षांनी कुठलं घर कुठल्या प्रकारचं, हे मला स्वतःला कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बांधायचा क्रमही विचारा. मार्केटची ९० टक्के घरं पूर्ण होईपर्यंत अफोर्डेबल सगळी पूर्ण झालेली असली पाहिजेत. ही अट ठरावात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर आधी विकाऊ ती बांधून होतात आणि उरलेली रेंगाळतात.

काय बोलू नये, हेही सांगते. दर सुनावणीत आपल्यापैकी कुणीतरी माइकपाशी येतं आणि सुरुवात करतं, की मी या देशात दोन बॅगा घेऊन आलो, कष्ट करून इथवर पोचलो. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पुढचं वाक्य असतं, की मग यांना फुकट का? एक तर फुकट काही नाही. भाडं भरावं लागतं, हप्ता भरावा लागतो. आणि दोन बॅगा घेऊन उतरलात कुठे? एडिसनला, आयसलिनला, प्लेन्सबरोच्या हंटर्स ग्लेनला नाहीतर फॉक्स रनला. फोडणी घातली की फायर अलार्म वाजायचा, लाँड्रीसाठी क्वार्टर साठवून ठेवायचे, चौघांत एक गाडी. ती सगळी गार्डन अपार्टमेंट होती. एथेल लॉरेन्स यांनी मागितलेली ३६ घरं याच जातीची. एडिसनने, प्लेन्सबरोने ती बांधू दिली म्हणून आपल्याला पहिली दोन-चार वर्षं काढायला जागा मिळाली.

"कुठल्या प्रकारची माणसं येतील" हे वाक्य तर चुकूनही नको. सुनावणीतला शब्द न्‌ शब्द रेकॉर्ड होतो. बोर्डाने या प्रकल्पाला अडवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर बिल्डरचा वकील तीच वाक्यं अधोरेखित करून न्यायाधीशांपुढे ठेवतो. कोण राहणार याचा विचार करणं बोर्डाला फेडरल कायद्याने मना आहे. तुमचे शेजारी जितके त्या वाटेने जातील तितकी टाउनशिपची बाजू दुबळी होईल. तीन मिनिटं मिळतात. एक विषय निवडा. मी तुमच्या जागी असते तर पाणी निवडलं असतं. सहीच्या अर्जाला बोर्डापुढे पुराव्याची किंमत नसते. त्याऐवजी वर्गणी काढून एक इंजिनिअर नेमा, तो शपथेवर बोलेल.

आता आईंबद्दल. हो, अर्ज करता येतो. तुमच्याच टाउनशिपचे रहिवासी असायला लागत नाही, आणि असलात म्हणून नंबर आधी लागेल असंही नाही. जाहिरात सगळ्या विभागात होते आणि सोडत काढतात. टाउनशिपने नेमलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह एजंट अर्ज घेतो, त्याचा नंबर टाउनशिप क्लर्ककडे मिळेल. आसपासच्या तीन-चार टाउनशिपांतही अर्ज करून ठेवा. यादी हलायला वेळ लागतो. फक्त ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीही असतात. टाउनशिपांना त्या फार आवडतात, कारण तिथून शाळेत कुणी जात नाही. पण आराखड्यात त्यांची संख्या एका मर्यादेपर्यंतच मोजली जाते.

उत्पन्न मोजताना आईंचं सगळं धरतात : पेन्शन, एफडीचं व्याज, पुण्यात किंवा जिथे कुठे फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याचं भाडं. लपवू नका, कागद मागतात. उलटी अडचणही असते. उत्पन्न फारच कमी असलं आणि भाडं त्याच्या ३५ टक्क्यांच्या वर जात असलं, तर परवडणार नाही म्हणून अर्ज अडकू शकतो. ज्येष्ठांच्या वसाहतीत ही मर्यादा ४० टक्के आहे. म्हणून 'व्हेरी लो'मधल्या घरांसाठी वेगळं विचारा. आणि ते त्यांचं मुख्य राहतं घर असावं लागतं. दिवाळी ते होळी पुण्यात आणि उन्हाळ्यात इकडे, असा त्यांचा क्रम असेल, तर अर्ज करण्याआधी कुठे राहायचं ते त्यांना ठरवावं लागेल.